नानांचा बोटभर घोडा आणि वीस फुटी बॅनर

धुळ्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून नूतन जेवताना मीठ मागायचं तरी "उपस्थित मान्यवर" इथून सुरू करायची. त्यामुळे तिच्या काकांनी, म्हणजे हितेंद्रनानांनी, मेहरूणच्या फ्लॅटमध्ये समुद्रघोडा आणला तेव्हा त्याची वकिली कोण करणार हा प्रश्नच उरला नाही.

नानांना खरं तर सारंगखेड्याच्या बाजारातला पांढराशुभ्र घोडा हवा होता. भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर घोडा पाहिजेच, असं त्यांचं ठाम मत. पण तो लिफ्टमध्ये मावणार कसा? मग कुणाच्या तरी ओळखीतून मुंबईहून हा बोटभर घोडा आला. काचेच्या टाकीत, शेपटीनं गवताची काडी धरून उभा. एक डोळा नानांकडे, दुसरा भलतीकडेच.

भडगावहून आलेल्या भिकुआत्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "हाऊ घोडा शे? येनावर बसतस तरी कसं?"

तेवढ्यात बॅनरवाला नीलेश कॅमेरा घेऊन आला आणि नूतन टाकीपुढे आडवी उभी राहिली.

"फ्लॅश मारायचा नाही! त्याला पापण्या नसतात. आंधळा झाला तर?"

"माझ्या तोंडावर आजवर हजार फ्लॅश उडाले," नाना म्हणाले. "मला काय झालं?"

"तुले काय व्हयनं ते आम्हले दखास ना!" आत्या नानांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या.

नाना ऐकतात होय? फ्लॅश उडालाच. उडाला की घोडा शाबूत आहे का ते बघायला सगळे काचेवर टकटक करायचे. सगळ्यात जोरात नूतन, कारण काळजी तिलाच जास्त. तीन दिवस हेच चाललं. लखलख, मग टकटक. चौथ्या दिवशी घोड्यानं खाणं सोडलं.

नूतननं धुळ्याला मोहिनी मॅडमना फोन लावला. मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि स्पर्धेच्या परीक्षकही त्याच होत्या.

"फ्लॅशनं त्याचं फार बिघडतं असं अभ्यासात काही दिसलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "छेडलं, हलवलं, की मात्र तो बिथरतो. काच कुणी वाजवतं का?"

नूतननं पहिल्यांदाच प्रस्तावनेशिवाय उत्तर दिलं. "मी," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त मीच."

"आता थांबव. आणि हे बघ, समुद्रघोडा कायद्यानं संरक्षित आहे. घरात ठेवता येत नाही. फोटो कुठं लावला नाहीत ना?"

नूतननं खिडकीतून पाहिलं. समोरच्या चौकात वीस फुटी बॅनर चढत होता. नाना हात जोडून, आणि शेजारी नानांच्याच उंचीचा घोडा.

ती धावतच नानांकडे गेली. "नाना, फ्लॅशचा धोका घोड्याला नव्हताच. तुम्हाला होता!"

सगळं ऐकून नानांचा चेहरा उतरला. बॅनर त्याहून भराभर उतरला. "गुपचूप मेहरूणच्या तलावात सोडून देऊ," ते म्हणाले. "कोणाले समजस?"

"तलावाचं पाणी गोडं आहे, तो मरेल! वनखात्याला फोन करा. तुम्ही नाही केला तर मी करते. आणि मी बोलायला लागले की थांबत नाही, माहितीये ना?"

नानांना माहीत होतं. त्यांनी फोन केला.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब समुद्री जीवांच्या जाणकाराला घेऊन आले. नानांची चौकशी होणार होती, पण तोवर नानांनी नवा बॅनरही ठरवून टाकला होता: "वन्यजीवांचे कैवारी". नीलेशला बोलावणं गेलंच होतं. त्यानं कॅमेरा सरसावला, आणि घोडा नीट दिसावा म्हणून सवयीनं बोट काचेकडे नेलं.

नूतननं ते बोट वरच्या वर पकडलं.

"नीलेशभाऊ, फ्लॅश हवे तेवढे मारा," ती म्हणाली. "बोट तेवढं खिशात ठेवा."