पोयलं आणि पोळलं

बापूसाहेब वकिलांची शकुनला मुळीच भीती नव्हती. अंजनगावहून अमरावतीला येताना मोटारीतच तिच्या बापानं, भगवंत माळ्यानं, सांगून ठेवलं होतं, "तो वकील आडवा येईन, पाहून घे. त्याले माळ्याची पोर मास्तरीण झालेली खपत नाही." झालंही तसंच. मुलींच्या शाळेत मुलाखतीला ती बसली न बसली तोच शाळेच्या कमिटीतले हे बापूसाहेब म्हणाले, "वांगी विकणाऱ्यांच्या पोरींनी वांगीच विकावी. स्पष्ट बोलतो, राग मानू नको."

घ्या! असा माणूस एका परीनं बरा. वार कुठून येतो ते तरी दिसतं.

"बापूसाहेब, जातपात इथं चालायची नाही!" मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाई कडाडल्या. शेवटचा शब्द त्यांचाच. शकुनचा जीव भांड्यात पडला. बाईंनी गणित विचारलं, व्याकरण विचारलं. पोरीनं फटाफट उत्तरं दिली. मग बाईंनी मायेनं विचारलं, "शिक्षिकाच का व्हायचं गं तुला?" त्या मायेनं शकुन विरघळली अन् मनातलं बोलून गेली, "मले शिकवणं लय आवडते, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. "गुणी आहेस गं. माझ्या मनात तसं काही नाही हं. पण हे 'मले'... आपल्या मुलींच्या कानांवर काय पडेल? भाषा सुधार, पुढच्या वर्षी ये."

बापूसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. शकुनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वकिलाच्या टोमण्यानं जे झालं नव्हतं, ते बाईंच्या गोड बोलण्यानं झालं. अन् बाईंना तर ठाऊकही नव्हतं आपण काय केलं ते! आता भांडायचं तरी कोणाशी?

तेवढ्यात चहा आला. बाई बशीत ओतायला गेल्या, बशी कलंडली अन् कढत चहा थेट हातावर.

"व माय व! पोयलं नं मले!"

बाईच ओरडल्या. शकुननं डोळे पुसले, पदर खोचला. नोकरी तशीही गेलीच होती. मग भ्यायचं काहून?

"बाई," ती अगदी अदबीनं म्हणाली, "तुमाले पोयलं, का तुम्हाला पोळलं?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग भाजलेल्या हाताकडे पाहिलं अन् डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, माझ्या आईचं बोलणं हे! बापूसाहेबांच्या डोळ्यातलं कुसळ मी दाखवत बसले, अन् माझं मुसळ मला दिसलंच नाही. सोमवारपासून ये. वर्गात पुस्तकातलं शिकव, पण घरच्या बोलीची लाज एकाही मुलीला वाटू देऊ नको."

बापूसाहेब ताडकन उठले. टेबलावर हात आपटून ओरडले, "मले हे बिलकुल मंजूर नाही!"

मग काय विचारता! बाहेर पायरीवर जीव मुठीत धरून बसलेल्या भगवंताला आतून दोघी बायांचं खदखदून हसणं ऐकू आलं, अन् तो समजला, पोरगी मास्तरीण झाली.