नाळ न पडलेलं बाळ

मी एक जुना लाकडी बाळ येशू आहे. रत्नागिरीतल्या एका लहानशा चर्चमध्ये अकरा महिने कपाटात असतो आणि नाताळात येशूजन्माच्या देखाव्यात, गोठ्यातल्या गवतावर. मित्रांनो, मी देव नाही. मी फणसाचं लाकूड आहे. पण देवाविषयीची एक गोष्ट माझ्या अंगावर कोरलेली आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. पण पुसू मात्र देणार नाही.

मला केळशीच्या भागोजी सुतारांनी घडवलं. होड्या बांधणं हे त्यांचं काम. येशू त्यांनी तोवर तसबिरीतही नीट पाहिला नव्हता. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरना त्यांनी एकच विचारलं, "पोर किती दिवसांचं हाय?"

"दिवसांचं कसलं, आत्ताच जन्मलंय," फादर म्हणाले.

भागोजींनी ते अगदी मनावर घेतलं. त्यांच्या घरी नुकताच नातू झाला होता. त्याला पाहून त्यांनी माझ्या मुठी आवळल्या, डोळे मिटले, डोकं जरा लांबट ठेवलं. आणि पोटावर कोरलं, दोऱ्याने बांधलेलं नाळेचं देठ.

ते पाहून आंतोन मास्तर लाजेने लाल झाले. शाळेच्या वेळेबाहेर चर्चची देखरेख तेच करत. "अहो भागोजी, देवाला हे असलं काय?"

"आईच्या पोटी आला म्हनता ना, मास्तर? मग नाळ नको व्हय? का आंब्यासारखा झाडाला लागला?"

फादर पोट धरून हसले. मग त्यांनी त्या देठावरून बोट फिरवलं. "राहू दे, मास्तर," ते म्हणाले. "पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, असं मी दर नाताळात सांगतो. आज पहिल्यांदा पाहतोय."

पुढे फादरांची बदली झाली. मास्तरांनी मला जरीच्या काठाच्या सॅटिनमध्ये गुंडाळलं. पस्तीस वर्षं लोक रांगेने आले, माझ्या पायाचं चुंबन घेऊन "किती गोड!" म्हणाले. कौतुक पुष्कळ झालं, पण ते सॅटिनचं. आत मी होतो, हे कुणाला ठाऊक होतं?

यंदा कपाटातून काढलं, तर कापड कसरीने खाल्लेलं. नाताळच्या आदल्या दुपारी मास्तर स्वतःशीच पुटपुटले, "हे देठच काढून टाकतो. मग झाकायला नको." आणि लाकूड घासायची कानस घेऊन बसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना देवाची लाज राखायची होती. पण माझ्या अंगावर सगळ्यात खरं तेच होतं, आणि लाकडाला ओरडता येत नाही.

तेवढ्यात त्यांची नात अक्षया आली. बाळंत होऊन चारच दिवस झालेले, दवाखान्यातून थेट. "आजोबा, तुम्हाला पणती बघायला फुरसत नाही, म्हणून तीच आली."

तिने बाळाला माझ्या शेजारी टेबलावर ठेवलं आणि ओलं दुपटं सोडलं. त्या चिमुकल्या पोटावरही देठ होतं, प्लास्टिकचा चाप लावलेलं. मग तिला कानस दिसली.

"हे काय करताय?"

"काढतोय. बरं दिसत नाही गो ते."

"मग हिचंही काढा. हिचं तरी कुठे बरं दिसतं?"

"अगो, वेडी की काय! ते आपसूक पडतं. ओढलंस तर रक्त येईल!"

"त्यालाही आलं असतं, आजोबा."

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी एकदा पणतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कानस पिशवीत गेली. संध्याकाळी त्यांनीच मला गवतावर ठेवलं, उघडा.

काहींनी माना वळवल्या. एक बाई म्हणाल्या, "शी! मास्तर, एखादं फडकं तरी घाला." मास्तर हात जोडून म्हणाले, "नाही घालणार."

मित्रांनो, मला जपा. धूळ झाडा, कसर लागू देऊ नका. पण मला सुंदर करू नका. ज्याचं मी रूप आहे, त्याची नाळ कुणीतरी कापली, त्याला कुणीतरी पुसून, उचलून दुधाला लावलं. एवढं लहान व्हायची त्याला लाज वाटली नाही. त्याच्या वतीने तुम्ही का लाजता?

अक्षयाच्या मुलीचं देठ दोन दिवसांत पडलं. माझं पडणार नाही.