राजूरच्या गाडीनं पाठवलेल्या गोळ्या

बारा चकत्या, आणि एकीच्याही भोवती गोल नाही. मी प्लेट उजेडाला धरली, तिरकी केली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. कडेला माझ्याच अक्षरात लिहिलेलं: झुंबरबाई, वय ६४, राजूर. माझी अक्का.

जालन्यातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी अठ्ठावीस वर्षं हेच काम करतो. प्लेटमधल्या जेलीवर रोग्याचे जंतू पसरायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर उबेत ठेवून द्यायचं. ज्या औषधानं जंतू मरतात त्याच्याभोवती सकाळी स्वच्छ गोल दिसतो. परक्यांच्या नावावर असे हजारो गोल मी मोजले आणि अक्काच्या नावावर चार आण्याएवढासुद्धा एक मिळेना!

"कल्याण, संभाजीनगरहून एक इंजेक्शन मागवते," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "पण भरवसा देत नाही."

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, अक्का बारा. तिची शाळा सुटली ती माझ्यापायी. पुढं ती राजूरला नांदायला गेली, मी इथं नोकरीला लागलो आणि तिच्या लेखी डॉक्टर झालो. लघवीला आग होते, थंडीताप आलाय, असा तिचा फोन आला की कंपनीवाले नमुन्याच्या म्हणून वाटतात त्यातल्या तीन-चार गोळ्या मी पाकिटात घालायचो आणि राजूरच्या एसटीत ड्रायव्हरकडे द्यायचो. "बरं वाटलं की थांबव," असं सांगायचो. दोन गोळ्यांत ताप उतरायचा. उरलेल्या ती भावाची तारीफ करत शेजारणींना वाटायची. मग फोन यायचा, "कल्या, दोन घंट्यात उतरला बघ! तुह्यासारखा डॉक्टर जालन्यात न्हाई!" काय सांगू, दिवसभर मी हवेत असायचो. साहेबांच्या शिव्यासुद्धा गोड लागायच्या. तो आवाज ऐकायला आज जीव तुटतो. पुरत्या सात दिवसांच्या गोळ्या घे म्हटलं असतं, तर तिला खऱ्या डॉक्टरकडे पाठवावं लागलं असतं. तेच मला नको होतं. माझ्यासारखा गाढव मीच.

प्लेट ठेवून अक्काच्या वॉर्डात गेलो. तापानं तिचा चेहरा लाल झालेला, तरी मला पाहून उठायला लागली.

"जेवला का रं?"

"जेवलो." कुठलं जेवतोय!

"काय निघालं तुह्या तपासणीत? कोणती गोळी देऊन राह्यला आता?"

मी स्टुलावर बसलो. "अक्का, कोणतीच लागू न्हाई. दोन गोळ्यांनी मरतेत ते मरतुकडे जंतू. टणके असतेत ते राह्यतेत, अन् मंग त्यांचीच पैदास व्हती. ते आता औषधाला भीतच न्हाईत."

"फवारणीवानीच की. पातळ औषध मारलं तं आळी मरत न्हाई, निबर व्हती. आमच्या कपाशीत झाल्तं."

"बराबर तसंच."

"हे तुला ठावं व्हतं?"

"पहिल्यापासून."

"मंग बोलला कामून न्हाई?"

खोटं सांगता आलं असतं. पण तिच्याशी खोटं बोलून कधी पचलं नाही.

"तुह्या फोनसाठी, अक्का. उतरला म्हणायची ना तू, तेवढं ऐकायसाठी."

ती माझ्याकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, आता रागावेल. रागवायलाच हवी होती.

"येडा हाईस का रं?" ती म्हणाली. "फोन तं मी तसाबी केला अस्ता."

आणि तिला थंडी भरली. मी चादर ओढली, घोंगडी टाकली, शेजारच्या रिकाम्या खाटेवरचीही आणून टाकली. तिचे दात वाजतच राहिले.