ग्राखचा मुकादम

जोतिरामने कानावरचे हेडफोन काढून स्टँडला अडकवले आणि काचेपलीकडे पाहिलं. डबिंग करून घेणाऱ्या सोनमने नकारार्थी मान हलवली.

"खोटं वाटतंय, सर," तिचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला. "उच्चार बरोबर आहेत. पण तुम्ही बातम्या देताय असं वाटतं."

वीस वर्षं त्याने रेडिओवर बातम्याच दिल्या होत्या. मंगळवेढ्याकडून सोलापुरात शिकायला आल्यावर त्याने आधी 'न्हाय' सोडलं, मग 'हाय', मग सुरातला तो हेल. गावाकडचे चुलते फोनवर त्याला अहो-जाहो करू लागले, तेव्हा कुठे त्याला काम पुरं झाल्यासारखं वाटलं.

मालिका परदेशी होती, मराठीत यायची होती. पाच ग्रहांचं एक साम्राज्य. सगळ्यांत वर सेलिन. तिथले लोक पांढरे झगे घालून बागेत फिरत आणि हळू बोलत. मधले तीन ग्रह व्यापार करत आणि एकमेकांवर हेरगिरी करत. सगळ्यांत खाली ग्राख. तिथे धूळ, खाणी आणि गळ्यात लोखंडी कडं घातलेली माणसं. ग्राखवर हवासुद्धा सेलिनच्या मालकीची. नळाच्या पाण्यासारखी ती सोडली जायची आणि तोडली जायची. जोतिरामने सगळे भाग नीट पाहिले होते. लाखो माणसांच्या त्या ग्रहावर एक चूल नव्हती की एक कोंबडी नव्हती. हे ज्यांनी रचलं त्यांना गरिबी म्हणजे फक्त मळके कपडे ठाऊक असावेत, असं त्याचं मत झालं होतं.

तरी त्याला त्या मालिकेत सेलिनचा सुभेदार हवा होता. आवाजाच्या चाचणीत त्याने सुभेदाराचीच वाक्यं वाचली होती. मिळाला तो गावाकडच्या बोलीत बोलणारा ग्राखचा मुकादम बारुक, कारण जोतिराम मूळचा कुठला, हे सोनमने विचारून घेतलं होतं. "बारुक जमला की पुढच्या सीझनला सुभेदाराचं बघू," ती म्हणाली होती.

"एक विचारू?" जोतिराम माइकमध्ये म्हणाला. "मूळ मालिकेत मुकादम आणि सुभेदार सारखीच भाषा बोलतात. एका शाळेत शिकल्यासारखी."

"हो, बोलतात."

"मग मराठीतच हा असा का?"

"आपल्या प्रेक्षकाला ऐकूनच कळायला हवं ना, सर, खालचा कोण ते."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं की रागवायला जागा उरली नाही. तिच्या शेजारी बसलेला एजाज, ध्वनिमुद्रण करणारा, समोरच्या बटणांकडे बघून हसला. तो सोलापूरचाच होता.

"आज नाही जमलं तर पुण्यातून कोणीतरी घेते. वाईट वाटून घेऊ नका," सोनम म्हणाली. "घरी कुणी बोलतं का अजून तसं? थोडं ऐकलंत तरी चालेल."

"नाही," जोतिराम म्हणाला.

एजाजने खुर्ची वळवली. "अवो, अम्मा भाईर बसल्यात की. दातवाल्याकडं न्यायचंय म्हनलात न्हवं सकाळी."

जोतिरामने काही म्हणायच्या आत सोनम उठून बाहेर गेली होती.

जोतिरामची आई मायाक्का दाराशी चपला काढून आत आली. एका गालावर सूज होती. तिने काचेपलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं, मग भिंतीला लावलेल्या स्पंजच्या जाड पट्ट्यांकडे.

"गाद्या भितीला कशापायी लावल्यात? मग निजत्यात कुटं?"

"आवाज घुमू नये म्हणून, आजी," सोनम म्हणाली आणि बोलायचा माइक उघडाच ठेवून तिला पडद्यासमोर बसवलं. एजाजने प्रसंग लावला. हवेची झडप बंद झाली आहे, खाणीत माणसं घुसमटताहेत, मुकादम बारुक सुभेदारासमोर गुडघे टेकून हवा सोडायला विनवतो आहे, मागे बाकीचे मजूर नुसते बघताहेत.

मायाक्काने सगळं पाहून घेतलं.

"धनी त्यो येकटा, आन् ही इतकी हायती," ती म्हणाली. "ही बगत का उबी ऱ्हायल्यात?"

"त्यांच्या गळ्यात कडं आहे ना."

"कडं गळ्यात हाय, हात मोकळंच हायती की." तिने तोंड फिरवलं. "कामाची न्हायत ही. धन्याचा अंगरखा तेवडा झ्याक हाय."

एजाज खदखदून हसला. सोनमही हसली आणि पुढे सरकली. "आजी, हा विनवतोय ना, तसं तुमच्याकडे कसं विनवतात?"

"मला काय म्हाईत? म्या कुनाला इनवलं न्हाय कदी," मायाक्का म्हणाली. "ह्येचा बाप इनवायचा."

"आई, राहू दे," स्पीकरमधून जोतिरामचा आवाज आला. "आपल्याला उशीर होतोय."

पण ती उठली होती. "फारेष्टवाल्यानं मेंढरं कोंडवाड्यात घातली का त्यो जायाचा. पटका काडून काखंत धरायचा, आन् असा." तिने खांदे आत ओढले, मान पुढे काढली. तिच्या तोंडून एक घोगरा, तुटक पुरुषी आवाज निघाला. "'सायेब, माजं चुकलं. मला कोंडा, सायेब. त्यास्नी सोडा की. मुकी हायती ती. सकाळधरनं पानी न्हाय त्यास्नी.' आसं."

ती पुन्हा ताठ झाली. "लई लाज वाटायची मला. म्या लांब उबी ऱ्हायची, वळख न दावता."

एजाजचं हसू विरलं. सोनमने त्याच्याकडे न बघता हलक्या आवाजात विचारलं, "घेतलंस ना?" त्याने मान डोलावली.

काचेपलीकडे जोतिराम पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. लावून झालेलं झाकण तो फिरवतच राहिला. लहानपणी कोंडवाड्यापासून लांब तोही आईचं लुगडं धरून उभा असायचा. दुसरीकडे बघायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

त्याने बाटली खाली ठेवली आणि हेडफोन चढवले. संहितेची पानं पालथी ठेवली.

"लाव," तो एजाजला म्हणाला.

पडद्यावर बारुकने तोंड उघडलं.

"सायेब, माजं चुकलं," जोतिराम म्हणाला. "माजी हवा तोडा, सायेब. त्यास्नी सोडा की. सकाळधरनं श्वास न्हाय त्यास्नी."

प्रसंग संपला, पडदा काळा झाला. मायाक्का खुर्चीची पाठ धरून उभी होती. पडद्याकडे ती आता बघत नव्हती.

सोनमने बोलायचं बटण दाबून धरलं. "हेच. हेच हवं होतं मला. सुभेदाराचं आता विसरा, सर. पुढच्या सीझनमध्ये ग्राखची सगळी मोठी माणसं तुम्हीच करायची."

जोतिरामने मान हलवली. होकार होता की नकार, ते काचेतून कळलं नाही.

"फक्त एकदा परत घेऊ," सोनमचं बोट बटणावरच होतं. "आणखी थोडं लाचार. शेवटी पाय धरल्यासारखं करा."

मायाक्काने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नगं, बाई," ती म्हणाली. "त्यो तेवडाच वाकायचा."