बिनछपराचं घर

निळ्या ठोकळ्याची कड सुकन्याने दातांत धरली आणि तो खालच्या पिवळ्यापासून ओढून काढला. नखं केव्हाच दुखायला लागली होती. एवढं घट्ट बसवायची ताकद शांभवीच्या हातांत कुठून आली असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण हात थांबले नाहीत. निळा निळ्यांच्या डब्यात गेला, पिवळा पिवळ्यांच्या.

झाकणाचे पारदर्शक डबे तिने गंजगोलाईच्या बाजारातून आणले होते. लहान खोलीत मुलांची खेळणी कशी ठेवावीत, याचे व्हिडिओ तिने आठवडाभर पाहिले होते. सुटे ठोकळे रंगाप्रमाणे डब्यांत, डबे पलंगाखाली, आणि बांधून झालेल्या वस्तू भिंतीवरच्या फळीवर मांडलेल्या. मोटार, पूल आणि शांभवीचा लाडका जिराफ तिने फळीसाठी बाजूला काढून ठेवले होते. राहिला होता तो पलंग आणि कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यातला मोठा ढिगारा. तो कशाचाच नव्हता. जाड दुहेरी भिंती, मिळेल त्या रंगाच्या, वर छप्पर नाही, खिडकी नाही. फळीवर मांडावा असा तो नव्हताच.

"ताई, जरा तोंड फिरवा. भुगा पडंल," स्टुलावरून संगमेश्वर मिस्त्री म्हणाला आणि त्याने ड्रिल सुरू केलं.

विटेचा लाल भुगा पलंगावर अंथरलेल्या जुन्या चादरीवर पडू लागला. आवाज थांबल्यावर बाहेरच्या खोलीतून अण्णांचा, म्हणजे सुकन्याच्या वडिलांचा, आवाज आला.

"मिस्त्री, लेव्हल बगितली का? का डोळ्यानंच चाललंय?"

"डोळ्यातच लेव्हल हाय अण्णा माज्या. तिथं बसून नावं ठिवू नका. आत येऊन बगा."

"इथनंच दिसालंय. डावी बाजू पडली."

"तुमची खुर्ची वाकडी आसंल."

अण्णा हसले, पण उठले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी माय गेली आणि दिवसकार्य झाल्यावर सुकन्याने त्यांना गावाहून लातूरला आणलं. तेव्हापासून त्यांचं सगळं बाहेरच्या खोलीतच चालायचं. झोपणंही. "आत तुझ्या मायची जागा हाय," एवढंच ते म्हणाले होते. सुकन्यानेही आग्रह केला नव्हता.

शांभवी झाल्यावर तिला सांभाळायला म्हणून माय, चतुराबाई, गावाहून आली ती इथेच राहिली. या खोलीत नातीजवळ झोपायची. आली त्या दिवशी तिने पिशवीही उघडली नव्हती; आधी पलंगाच्या वर भिंतीला लावलेलं घड्याळ उतरवलं. मग देवाची तसबीर. मग पलंग ओढून पंख्याखालून बाजूला घेतला. लातूरच्या मे महिन्यात ती त्या कोपऱ्यात घामाने भिजत पडायची, पण पंख्याखाली काही झोपली नाही.

"तुझ्या आईचं चाललं तर त्या स्लॅबसुद्धा उतरवून ठेवतील," रविकांत, सुकन्याचा नवरा, म्हणायचा. तो लांबच्या जिल्ह्यातला. त्र्याण्णवचा भूकंप, ज्यात मायचं गाव पडलं, त्याने फक्त पेपरात वाचलेला. चांगला माणूस होता. सासूने घड्याळ उतरवलं तर वेळ मोबाईलवर बघायचा. पण परवा शांभवीच्या ठोकळ्यावर त्याचा पाय पडला, टाच फुटली आणि तो म्हणाला, "आता तरी एक फळी मारून घेऊ. आता कुणाला त्रास आहे?"

तो 'आता' सुकन्याला दिवसभर टोचत राहिला. रात्रीच्या भाकरी करताना म्हणाली, "मिस्त्रीला बोलवा."

तिलाही ती फळी हवी होती, हे खरं होतं. डोक्यावर काही नको, हा नियम तिने आयुष्यभर पाळला होता. वसतिगृहात पोरींनी सुटकेसा कपाटावर रचल्या की ती आपलं अंथरूण दाराशी घ्यायची. भूकंप तिने पाहिलेला नव्हता. ती नंतरची. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावाच्या शाळेत तिच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांना गुरुजी 'नंतरची पोरं' म्हणायचे. ज्या बायांची लेकरं दगडमातीखाली गेली, त्यांच्यातल्या काहींनी कुटुंबनियोजनाचं झालेलं ऑपरेशन पुन्हा उघडून घेतलं. त्यातली एक चतुराबाई. सुकन्या आपल्याआधी दोघं होती हे जाणून होती. वैजनाथ आणि उज्वला. ही दोन नावं चुलतीकडून कळली होती. फोटो कुठलाही उरला नव्हता. चौथीत असताना तिने एकदा विचारलं, "माय, ते कसे व्हते गं?" माय अंगण झाडत होती. म्हणाली, "तुला काय करायचंय?" आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडत बसली.

त्यानंतर सुकन्याने विचारलं नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांतही, मायचा हात हातात होता, खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी विचारलं नाही. अण्णा तर त्यांचं नावही काढायचे नाहीत. माय गेली, आणि तिच्याबरोबर ती दोघंही कायमची गेली. आपल्याला त्यांच्यातलं काहीही मिळालं नाही. निदान भीती तरी शांभवीपर्यंत जाऊ नये, म्हणून ही फळी.

शेवटचा पिवळा ठोकळा डब्यात पडला. कोपरा रिकामा झाला. फरशीवर धुळीची चौकट राहिली होती. ती तिने ओल्या फडक्याने पुसून घेतली.

"बगा ताई," संगमेश्वरने फळी दोन्ही हातांनी खाली दाबून दाखवली. "माणूस लटकला तरी हालायची न्हाई. लटकून दावू का?"

"नको. स्टूल माझं मोडेल," सुकन्या म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली होती.

तेवढ्यात खाली शाळेची रिक्षा वाजली.

शांभवी दप्तर ओढत आली, आजोबांच्या मांडीवर टिफिन टाकला आणि खोलीच्या दारात थांबली. फळीवरचा जिराफ तिला आवडला. ती टाचा उंचावून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

"आजीचं घर कुठंय?"

"कुठलं आजीचं घर?"

"इथलं."

"ते तू बांधलं होतंस ना?"

"मी नाही. आजीनं." शांभवी खाली बसली आणि रिकाम्या फरशीवर हात फिरवू लागली. "मी शाळेत जायचे तेव्हा आजी बांधायची. मी आल्यावर दाखवायची. मला फक्त माणसं ठेवू द्यायची."

सुकन्याच्या हातात फडकं होतं. ते तिने पिळलं. पाणी नव्हतं त्यात, तरी पुन्हा पिळलं.

"कुठली माणसं?"

"वैजूमामा. आणि उज्वलामावशी." पोर सहज म्हणाली, रोजच्या शेजाऱ्यांची नावं घ्यावीत तशी. मग तिने एका डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. "तू सगळं रंगारंगानं केलंस. आता कसं कळणार?"

सुकन्या उठून बाहेर आली. अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टिफिन अजून त्यांच्या मांडीवरच होता.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्या दिवशीच कळलं व्हतं." ते तिच्याकडे बघत नव्हते. "दारातनं नजर गेली. पुढची बसाउठायची ढाळज, मधलं घर, बैलाची जागा. समदं बरूबर मांडलं व्हतं तिनं. म्हून तर आत येत न्हवतो."

"मग मला सांगितलं का नाही? सकाळपासून मी तिथं बसून तोडत होते. तुम्ही इथं लेव्हल सांगत बसलात!"

"मला वाटलं, तुला ठावं आसंल. ठावं असूनच काडालीस." अण्णांनी टिफिनचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "म्हनलं, बरं झालं. एकदाचं निगंल."

आतून संगमेश्वरने हाक मारली, "ताई, दुसरी फळी कुठं मारायची? याच्यावर का बाजूला?"

तो दारात आला, तिघांकडे पाहिलं आणि ड्रिलची वायर गुंडाळायला लागला. "ऱ्हाऊ द्या, उद्या येतो," तो म्हणाला आणि चप्पल पायात सरकवत हळूच निघून गेला.

सुकन्याने आत जाऊन सगळे डबे फरशीवर उपडे केले. लाल, पिवळे, निळे, पांढरे ढीग. तिने जाड भिंतीचा एक पदर उभा केला, तेवढंच तिला आठवत होतं. मघाशी तिच्या बोटांतून सगळं गेलं होतं आणि बोटांना काहीही कळलेलं नव्हतं.

"असं नाही," शांभवी म्हणाली. "तिथं दार होतं."

"दार तिथं कशाला आसंल?" अण्णांचा आवाज अगदी जवळून आला. ते दारात उभे होते. मग चौकटीला धरून त्यांनी एक पाय आत टाकला, वरच्या फळीकडे एकदा पाहिलं आणि शांभवीला काखेत धरून फळीखालून अलीकडे ओढलं. स्वतःही तिथेच, गुडघे दाबत, खाली बसले. "दार उगवतीला व्हतं. मी बसवलेलं हाय. सागवानी."

"नाही आबा. आजी म्हणायची, इकडं. तिकडून वैजूमामा आंघोळ न करताच पळायचा."

अण्णांनी लाल ठोकळा हातात घेतला, फिरवला.

"ते मागलं दार," ते हळूच म्हणाले. "व्हतं. लहान व्हतं. मी इसरलो व्हतो."

मग दोघं बांधू लागले. भांडत, काढत, पुन्हा लावत. अण्णांची बोटं जाड, ठोकळा नीट बसायचा नाही. शांभवी वरून मूठ मारून बसवायची. सुकन्या भिंतीला टेकून बसली होती. तिने मांडी घातली नव्हती, पाय जवळ घेऊन अंग आवरून बसली होती, परक्या घरी बसावं तशी. शांभवी बोलत होती. वैजूमामा दाराजवळ झोपतो, कारण त्याला रात्री उठावं लागतं. तो गोधडी डोक्यावरून घेतो. उज्वलामावशी आजीच्या कुशीत. ती दोन बोटं तोंडात घालते.

"आजी तिच्या बोटांना कडुलिंब लावायची."

"कडूबी चाटायची ती," अण्णा म्हणाले. त्यांचे खांदे हलले. हसले की काय, ते सुकन्याला दिसलं नाही. त्यांनी मान खाली घातली होती. "चाटून झालं की हात पुढं करायची. आनखी लाव म्हनून."

सुकन्या एकेक शब्द ऐकत होती. डोक्यावरून घेतलेली गोधडी. दोन बोटं. मागचं दार. श्वास मोठा झाला तर पोर गप्प होईल, असं तिला वाटत होतं.

भिंती उभ्या राहिल्या. शांभवीने दोन छोटे ठोकळे आत निजवले, एक दाराशी, एक मध्ये. मग आजीचा, मग आबांचा. अण्णांनी वरून पाहिलं. हात छपराच्या जागी थोडा वेळ उघडा धरला आणि काढून घेतला.

"आणि मी?"

सुकन्याला विचारायचं नव्हतं. आवाज आपलाच आहे हे तिला शब्द तोंडून निघून गेल्यावर कळलं. ती तेव्हा नव्हती, हे तिला आणि अण्णांना माहीत होतं. पण पोरीला ते माहीत नसावं.

शांभवीने ढिगातून एक पांढरा ठोकळा उचलला.

"तू आत नाहीस," ती म्हणाली. "मी एकदा तुला त्यांच्याजवळ ठेवलं होतं. तर आजी माझ्यावर ओरडली. कधीच ओरडत नाही ना, पण तेव्हा ओरडली. म्हणाली, ही इथली न्हाई, हिला आत आणायचं न्हाई."

सुकन्याने पाय आणखी जवळ घेतले. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

शांभवीने ठोकळा भिंतीबाहेर, पलंगाच्या पायापाशी ठेवला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग एका हातावर भार देत पुढे वाकले आणि तो बोटाने ढकलला. तो फरशीवरून घसरत कपाटाशी जाऊन थांबला.

"आनखी लांब," ते म्हणाले. "पडताना भिंत तिथवर येती."

शांभवीने तो उचलून खोलीच्या दारात ठेवला.

"आनखी."

ती ठोकळा मुठीत घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तिची पावलं टीव्हीजवळून पुढे गेली, मग बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज आला. अण्णा घराकडे तोंड करून बसले होते, पण त्यांचे कान बाहेर होते. सुकन्या त्यांच्याकडे बघत होती.

"आबा, इथं?" लांबून पोरीने विचारलं.

"आनखी," अण्णा म्हणाले.