रेहेमाच्या डोक्यावरून फिरलेली फणी

मित्रांनो, मी भित्री आहे. एवढीशी वस्तू आणि तिला कसली भीती, असं म्हणून हसायचं तर हसा. पण मी एक जुनी लाकडी फणी आहे आणि मला माझ्याच दातांची भीती वाटते.

आष्टीच्या आठवडी बाजारात एका म्हाताऱ्याने मला विकायला मांडलं होतं. शिसवीच्या तुकड्याला करवतीने चिरत चिरत त्याने मला दोन्ही बाजूंनी दात पाडले, इतके बारीक की त्यांतून लीखसुद्धा निसटू नये. रुख्माबाई तेव्हा माहेरी आल्या होत्या. त्यांनी मला बोटावर घासून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. पुढे वर्ध्याला त्यांच्या लेकीचं, छायाचं डोकं मी राखलं. शेजारच्या पोरीही ओसरीत माझ्यासाठी रांगेने बसत. "फणी नाई माय, उवांचा काळ हाय!" असं त्यांच्या आया म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे. मग छाया मोठी होऊन ब्यूटी पार्लरमध्ये कामाला लागली आणि मी आरशामागे धूळ खात पडले. वाईट वाटे, पण भीती नव्हती.

मग वरच्या खोलीत रेहेमा भाड्याने राहायला आली. ती टांझानियाची, इथे शिकायला आलेली. मराठी रुख्माबाईंकडूनच शिकल्यामुळे थेट वऱ्हाडीच बोलायची. तिचे केस दाट आणि घट्ट कुरळे होते. ते ती औषध लावून सरळ करी, आणि त्यांना कसं जपायचं ते आरशापुढे बसून छायाला समजावून सांगे.

"औषधानं केस कमजोर होते. म्हनून विरळ दातांचाच कंगवा, तोही टोकाकडून वर. झोपतानी सॅटिनचा रुमाल. औषध फक्त नव्यानं उगवलेल्या मुळाले लावजो, जुन्या सरळ केसाले नाई. आन् त्याच्या आधी आठवडाभर डोकं खाजवाचं नाई. ओरखडा असला का चामडी जळते."

शेवटचं वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. डोकं खरवडणं हाच तर माझा जन्माचा धंदा!

एका शनिवारी संध्याकाळी रेहेमा पायरीवर बसून डोकं चोळत होती. नवे केस वर आले की तिला खाज सुटे. रुख्माबाईंनी ते पाहिलं आणि मला आरशामागून ओढून काढलं.

"ये माय, बस इथं. कोंडा काढून देतो."

"नको मावशी, मी..."

"बस म्हनलं ना!"

पोरीवर माया करायची म्हणजे तिला पुढ्यात घेऊन विंचरायचं, एवढंच रुख्माबाईंना ठाऊक. रेहेमा त्यांच्या गुडघ्यांशी बसली आणि तिने डोळे मिटले. माझी मात्र पाचावर धारण बसली. मी केसांत अडकून पाहिलं, पण रुख्माबाईंनी आणखी जोर लावला. मानेजवळ माझे दात कातडीला लागले. एक ओरखडा उठला, मग दुसरा.

तेवढ्यात छाया कामावरून आली. "रेहेमाताई, उद्या मले सुट्टी हाय. उद्याच लावून टाकू औषध."

रेहेमाला त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला घरी जायचं होतं. तिचा हात मानेकडे गेला, थबकला. मग ती "बरं" म्हणाली.

नाही म्हण गं पोरी, असं मी जीव तोडून ओरडले. पण फणीला तोंड नसतं, नुसते दात असतात.

रविवारी दुपारी अंगणात स्टूल मांडलं. मी खिडकीत पडले होते. छायाने हातमोजे घातले, रेहेमाच्या कानांवर आणि कपाळाच्या कडेने व्हॅसलीन लावलं. औषधाचा उग्र वास आला. छायाने नेमकी मानेपासूनच सुरुवात केली.

"चुरचुरून राह्यलं," रेहेमा म्हणाली.

"थोडं तं होतेच न ताई."

पुढच्याच क्षणी रेहेमा किंचाळली. "जळून राह्यलं! पानी, छाया, पानी!"

रुख्माबाई बादली घेऊन धावल्या. दोघींनी पाणी ओतून ओतून औषध काढलं, तोवर मानेवरची कातडी लालभडक होऊन सोलली होती. छायाच्या बोटांत केसांची एक बट तुटून आली.

"आई, हे ओरखडे कायचे? कोनं फणी फिरवली?" छाया म्हणाली.

रुख्माबाईंनी रिकामी बादली खाली ठेवली. "मीच वं. मले का मालूम होतं..."

रेहेमाने ओल्या हाताने त्यांचा हात धरला. "मले मालूम होतं, मावशी. पन घर सोडल्यापासून माह्या डोक्यावरून कोनं हात नाई फिरवला. तुमाले थांबवू वाटलं नाई."

डॉक्टरांनी मलम दिलं. रेहेमा डोक्याला रुमाल बांधून बहिणीच्या लग्नाला गेली. आता ती परत आली आहे. जखम भरली, पण मानेजवळ रुपयाएवढ्या जागेत अजून केस नाहीत. मला पुन्हा आरशामागे टाकलं आहे.

काल तिला परत खाज सुटली. रुख्माबाई उठल्या, त्यांचा हात आरशामागे आला, आणि मी भिंतीला चिकटले. हात मला लागला. क्षणभर तिथेच राहिला. मग मला बाजूला सारून त्याने खोबरेल तेलाची बाटली उचलली. रुख्माबाईंनी रेहेमाला पुढ्यात घेतलं आणि बोटांच्या पेरांनी हळूहळू तेल लावलं.

मित्रांनो, केस सरळ करा की कुरळे ठेवा, ज्याची त्याची मर्जी. पण डोक्याला ते औषध लावायचं असेल तर माझ्यासारखीला त्याच्या आसपास फिरकू देऊ नका. जुन्या वस्तू अडगळीत टाकू नयेत, असं तुम्हाला शिकवलेलं असेल. मला खुशाल टाका. त्या हाताला माझ्यावाचूनही माया करता येते, हे मी पाहिलं आहे.