चुकलेलं जिरं

त्या दुकानाचं नाव काढलं की रूपाली नाक मुरडायची. नीउ-व्हेनेप या डच गावाच्या स्टेशनामागचं एवढंसं दुकान, कराचीचा नदीम आणि त्याची मेक्सिकन बायको लुसिया चालवतात. टाकोत सीखकबाब, बुरितोत बिर्याणी. "भेसळ नुसती. तू पायरीही चढू नकोस वीणा," असं रूपालीनं बजावलं होतं आणि वीणानं ऐकलं होतं. रूपालीचं ती सगळंच ऐकायची.

ऐकणारच. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आल्यापासून रूपालीच तिला सख्ख्या बहिणीसारखी होती. येत्या वसंतात दोघी आठवडी बाजारात स्टॉल टाकणार होत्या. खेमेंतेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी रूपाली बघणार आणि विकायचा वीणाचा ठेचा. "हुकमाचा एक्का आहे आपला," रूपाली म्हणायची. नोकऱ्यांचे अर्ज करून करून थकलेल्या वीणाला वाटायचं, चला, इथं एक तरी गोष्ट आपल्या नावाची होईल. परवानगी मात्र काही केल्या येत नव्हती.

त्या दिवशी रूपाली आपल्या आईला रॉटरडॅम दाखवायला गेली होती. आई महिन्यापूर्वीच साताऱ्याहून आलेली, ठणठणीत, बोलकी बाई. इकडे वीणाची लेक चैत्राली पोहून आली ती भुकेनं कावलेली. वर्गातल्या पोरींनी त्या दुकानाचे टाको खाल्ले होते, मग हिलाही तेच हवे. पाऊस लागलेला, घरी कणीक मळलेली नाही. एका दिवसानं काय बिघडतंय, म्हणून वीणानं बटाट्याचे टाको बांधून घेतले आणि मायलेकी गाडीतच खायला बसल्या.

सोबत छोट्या डबीत हिरवी चटणी होती. चैत्रालीनं त्यात टाको बुडवला, चावला आणि म्हणाली, "आई, दित इस फान ओन्स." हे तर आपलं आहे.

वीणा हसली. हसत हसतच तिनं बोट बुडवून चाटलं आणि तिचं हसू जागच्या जागी मेलं.

मिरची, लसूण कुणीही घालेल. पण तव्यावर भाजलेली क्राउसबेसं, ती इथली हिरवी आंबट फळं? आणि मागून येणारा तो जिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कारवैचा वास? जगातली कुठलीही शहाणी बाई ठेच्यात कारवै घालणार नाही. वीणानंही शहाणपणानं घातली नव्हती. टाळेबंदीतल्या त्या उन्हाळ्यात तिची आई गेली. विमानं बंद. अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला आणि मग स्वयंपाकघरात फरशीवर बसून आईसारखा ठेचा कुटत राहिली. कैरी नव्हती म्हणून क्राउसबेसं घेतली. पुडीवरचं डच वाचायला डोळे धड कुठे होते? जिरं समजून तिनं कारवै ओतली. तो चुकलेला ठेचा रडत रडत एकटीनं खाल्ला. नंतर तो तसाच जमत गेला. तो कसा झाला, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं एकाच मैत्रिणीला.

चैत्रालीला गाडीत बसवून ती परत दुकानात गेली.

"यह चटनी आप बनाते हैं?"

"नहीं बाजी," नदीम कौतुकानं म्हणाला, "हमारी रूपाली बाजी देती हैं, सर्दियों से. सबसे ज़्यादा इसी की तारीफ़ होती है. पता है कैसे बनी? लॉकडाउन में उनकी वालिदा गुज़र गईं. बेचारी जा नहीं सकीं. फ़र्श पर बैठ के मिर्च कूटती रहीं, ग़म में ज़ीरे की जगह कारवै पड़ गई. लुसिया तो सुन के रो पड़ी थी."

लुसियानं आतून मान हलवली. तिचे डोळे खरेच भरले होते. वीणाला त्या बाईची कीव आली. ठेचा नेला, ठीक. रूपालीनं आईचं मरणही नेलं.

बाहेर छपराखाली उभं राहून तिनं फोन लावला.

"रूपाली, तुझी आई कशी आहे?"

"मजेत. ट्रॅममधून उतरायलाच तयार नाही. का गं?"

"नदीमच्या दुकानात उभी आहे. त्यांना वाटतं, ती गेली."



"वीणा, मी सांगणारच होते," रूपाली म्हणाली. "स्टॉलचं काही खरं नव्हतं. आणि चुकून पडलेली कारवै ती, त्यात तुझं असं काय आहे? इथं नुसती चटणी घेत नाही कुणी. सोबत गोष्ट लागते."

"मग तुझी सांगायचीस."

रूपालीच्या मागून तिच्या आईचा मोकळा, खणखणीत आवाज आला, "कोण, वीणा का? तिला म्हणावं, रविवारी जेवायला ये. आणि येताना तो ठेचा आण गं बाई, हिला काही तसा जमत नाही."

वीणानं फोन बंद केला. गाडीत चैत्राली डबी चाटूनपुसून बसली होती.